वेंडेल काकाची सीट

“यातलं कुठलं यंत्र माणसाला मारत नाही?”

मॅरिटने हे विचारलं तेव्हा किप हॉलंडरच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात सॉसेज. ते समोरच्या म्हाताऱ्याच्या पावात पडायचं होतं, पण म्हातारा पाव तसाच धरून मागे वळला आणि मॅरिटकडे बघत राहिला. सॉसेज मधल्यामध्ये लोंबकळलं. मार्चचा शनिवार होता, किपच्या यंत्रांच्या दुकानाचा वार्षिक मेळा. अंगणात धुऊनपुसून ओळीने उभे केलेले लोडर, फुकट कॉफी, फुकट टोप्या, आणि माती उकरून पोट भरणारी अर्ध्या काउंटीतली माणसं. मॅरिटचा आवाज या हिवाळ्यात भाषणाच्या स्पर्धांमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायला शिकला होता. इथेही तो कुंपणापर्यंत पोचला.

कुणी हसलं नाही. मिनेसोटाच्या या भागात अडचणीचं काही कानावर पडलं की माणसं आभाळाकडे बघतात. सगळ्यांनी बघितलं. आभाळात काही नव्हतं.

डिवचलं होतं ते ब्रिन आणि डेसा या मैत्रिणींनी, शाळेत जेवणाच्या टेबलावर.

“तू हल्ली कुणालाही काहीही विचारतेस ना? मग हे विचार,” ब्रिन म्हणाली होती. “मोठ्याने. सगळ्यांसमोर. बाबा शेजारी असताना.”

“हिची नाही व्हायची हिंमत,” डेसा बटाटा चघळत म्हणाली.

“कुणाची नाही व्हायची?”

“तुझी. मास्तरांना बोलशील गं. किपला नाही बोलणार. तो टोप्या वाटतो.”

आता त्याच दोघी कॉफीच्या पिंपाआड अशा उभ्या होत्या, जणू मॅरिट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“पोरी,” किपला एकदाचे शब्द सापडले, “यंत्र कुणाला मारत नसतं. माणूसच…” आणि इथे त्याला आठवलं की ही कुणाची पुतणी. त्याचे कान लाल झाले. “मोहरीचा सॉस घालू का थोडा? तुझ्या पावावर?”

“मॅरिट,” बाबा म्हणाला.

आर्लन टोर्गर्सनचं रागावणं एवढंच. नाव घ्यायचं आणि थांबायचं. पण मॅरिटला त्याची मान दिसत होती, कॉलरच्या वर लाल झालेली, आणि तिला वाटलं, विचारलं ते बरंच केलं. इतक्या जणांत कुणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यांच्या गाडीमागच्या ट्रेलरवर जुनं यंत्र बांधलेलं होतं, बदल्यात द्यायला आणलेलं, आणि सकाळपासून येणारा प्रत्येक जण त्या बाजूला पाठ करून उभा राहत होता.

वेंडेल काका म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. दोघांचं काम तळ्याकाठच्या घरांभोवतालचं. उतार सारखे करायचे, दगडी बांध रचायचे, फरश्या बसवायच्या, हिरवळ अंथरायची. बाबा जमिनीवर, काका लोडरवर. हा लोडर म्हणजे गाडीच्या गॅरेजात मावेल एवढं, जागच्या जागी गरकन फिरणारं यंत्र. बसायला लोखंडी पिंजरा, पिंजऱ्याच्या दोन्ही अंगांनी पुढे आलेले दोन जाडजूड हात, हातांच्या टोकाला बकेट. आत शिरायचं ते समोरून, बकेटवर पाय देऊन, दोन हातांच्या मधून. गेल्या ऑक्टोबरात काकाने एक मोठा धोंडा बकेटमध्ये घेऊन वर उचलला. तो बांधावर नेमका कुठे बसेल हे आतून दिसेना, म्हणून सीटच्या कडेवर सरकून डोकं आणि छाती बाहेर काढून बघितलं. पायाखालचा पेडल दाबला गेला. वर गेलेले हात खाली आले. बाबा पाठमोरा उभा होता, बांधाची पातळी बघत.

सीटचा पट्टा बांधलेला असता तर काकाला वाकताच आलं नसतं. पट्टा बांधलेला होता, पण पाठीमागे. पट्टा अडकवल्याशिवाय ते यंत्र हात उचलू द्यायचं नाही, नुसतं टीं टीं करत राहायचं. दिवसभरात शंभरदा चढा, शंभरदा उतरा, आणि दर वेळी जाड कोटावरून पट्टा आवळत बसा, एवढा धीर कुणाला? त्यापेक्षा पट्टा सीटच्या पाठीशी अडकवून टाकायचा आणि त्यावर बसायचं. यंत्राला वाटतं माणूस बांधलेला आहे. सगळेच असं करतात. मेळ्याला आलेल्या निम्म्या लोकांच्या यंत्रांत पट्ट्याचं बक्कल बसून बसून गुळगुळीत झालेलं असेल.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं होती, कॉफी होती, बायकांनी केलेल्या वड्या होत्या, आणि बोलणं सगळं यंदा हरणं किती दिसली याचं. तोवर वर्गात हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू यायचा नाही ती मॅरिट खुर्ची सरकवून उभी राहिली आणि काकाबद्दल बोलायला लागली. काका लोडर पुढच्या चाकांवर उभा करून नाचवायचा. आजोबांच्या कवळीचा शोध त्याने बकेटने घेतला होता, आणि ती सापडली होती. लोक हसले, रडले, पुन्हा हसले. त्या दिवसापासून मॅरिटला वाचा फुटली. तिने भाषणात बक्षिसं आणली, मुख्याध्यापकांशी वाद घातला, मुलांना नाही म्हणायला शिकली. कधीकधी आरशासमोर केस विंचरताना तिच्या मनात यायचं की हे सगळं कशातून आलंय, आणि मग ती कंगवा ठेवून द्यायची.

ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर तिनेच जाहीर केलं होतं, “काकाच्या जागी मी बसणार.” फेब्रुवारीत तिला अठरा पूर्ण झाली, म्हणजे कायद्याचीही आडकाठी उरली नाही. जूनमध्ये शाळा संपत होती. चालवायला तर ती अकराव्या वर्षापासून चालवत होती, काकाच्या मागच्या अंगणात. बाबाला बसणं शक्य नव्हतं. त्याचं कंबरेचं हाड झिजलेलं, हादऱ्याच्या सीटवर जरा वेळ बसला की डावा पाय लाकूड व्हायचा. आई शाळेची बस चालवते. शेवटचं पोर खाली बसल्याशिवाय तिने आजवर ब्रेकवरचा पाय काढलेला नाही. तेव्हा तिने फक्त ताटं उचलली, अजून बाबाचं जेवण व्हायचं होतं तरी.

तर आता यंत्र निवडायचं होतं. बर्फ वितळून ओल्या रस्त्यांवरची जड गाड्यांची बंदी उठली की हंगाम सुरू.

“हे बघ आर्लन,” किप चिमटा दुकानातल्या पोराकडे देऊन मॅरिट आणि तिच्या आईबाबांबरोबर निघाला, “हे तुझ्या ओळखीतलं. चाकांचं आहे, पार्ट गावात मिळतात, तुझ्या जुन्याचाच धाकटा भाऊ समज.”

म्हणाला आणि जीभ चावली. बाबाने ऐकलं नाही असं दाखवलं. तो यंत्राभोवती फिरला, टायरला लाथ मारली, बकेटच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग बकेटवर पाय देऊन, वाकून, दोन हातांच्या मधून आत गेला. आईने हाताची घडी घातली. बाबाने बसल्याबसल्या पट्टा उचलला, सगळ्यांना दिसेल असा पोटावरून घेतला आणि टकदिशी अडकवला. आईची घडी सुटली. बाबाने खडीच्या ढिगाऱ्याला दोन फेऱ्या मारल्या आणि उतरताना पिंजऱ्याच्या दांडीला धरून बराच वेळ उभा राहिला.

“यंत्र चांगलं आहे,” तो म्हणाला.

“पाय?” आईने विचारलं.

“पायही चांगला आहे.”

“हो, दिसतंय. कुणाकडून उसना आणलास?”

मॅरिटचं लक्ष मात्र ओळीच्या टोकाला. तिथे जे उभं होतं त्याला एकच हात होता, उजव्या अंगाने पुढे आलेला, मांडीसारखा जाड. डाव्या अंगाला सरळ दार, गाडीला असतं तसं. समोरून चढायचं नाही, कशाखालून वाकायचं नाही. आठवडाभर ती घरी याच यंत्राविषयी बोलत होती. उंच उचलतं, नजर चहूकडे जाते, दार बाजूला. बाबा दर वेळी म्हणायचा, महाग आहे, पार्टसाठी दोन तास गाडी हाकावी लागते, आणि एका अंगाने उचलणारं यंत्र उतारावर कसं वागेल कुणास ठाऊक.

“याचा दुसरा हात कुठे विसरलास रे किप?” पाववाला म्हातारा मागोमाग आला होता.

“आणि दार बघा,” त्याचा सोबती म्हणाला. “टॅक्सी आहे. मागे बसून सांगायचं, तळ्यावर ने.”

“तुम्हाला दारच बरं पडेल, आजोबा,” मॅरिट म्हाताऱ्याला म्हणाली. “मघाशी बघितलं मी, पिकअपमधून उतरताना तुम्हाला दोघांनी ओढून काढलं.”

म्हाताऱ्याचा सोबती खो खो हसला. ब्रिन आणि डेसा पिंपाआडून बाहेर आल्या. मैत्रीण आता पुन्हा ओळखीची झाली होती. “बस ना गं,” ब्रिन ओरडली. “आम्ही व्हिडिओ काढतो.”

मॅरिटने बाबाकडे बघितलं. त्याने होकाराची मान हलवली.

दार उघडून ती आत बसली तशी तिला नव्या सीटचा वास आला. काचेतून मैत्रिणी दिसत होत्या, त्यांना तिने हात केला. इंजिन लागलं. दांडे हलके, बोटांनी चालणारे. खाली पेडल नाहीतच. ती ढिगाऱ्याकडे निघाली, बकेट जमिनीलगत घासत नेली, पोटभर खडी घेतली, जागच्या जागी वळली आणि एक कणही न सांडता दुसरीकडे ओतली. मागे शोभेचे धोंडे पडले होते. त्यातला एक तिने अलगद उचलला आणि दुसऱ्यावर असा ठेवला की तो जरासुद्धा डुगडुगला नाही. बाहेर टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने सुद्धा टोपी वर केली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा मॅरिटला कुठल्याही वाकड्या विचाराशिवाय आनंद झाला. ती आत एकटीच मोठ्याने हसत होती.

किपने बस म्हणून हात केला. तिने यंत्र बंद केलं आणि उतरण्यासाठी पट्टा सोडायला पोटावर हात नेला.

पोटावर जाकिटाची झिप होती.

चष्मा कपाळावर चढवून माणूस टेबल चाचपत राहतो, तशी तिने दोन्ही हातांनी मांड्या, कंबर, बाजू चाचपली. मग हात मागे नेला. बक्कल तिथे होतं, पाठ आणि सीट यांच्यामध्ये, नीट अडकवलेलं, तिच्याच अंगाने कोमट झालेलं.

कधी? तिने आठवून बघितलं. बसले, मैत्रिणींना हात केला, काहीतरी टीं टीं वाजत होतं, मग वाजायचं थांबलं. म्हणजे एक हात मैत्रिणींकडे हलत होता तेव्हा दुसऱ्याने हे उरकलं होतं. काकाने तिला पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं. “आधी याचं तोंड बंद करायचं,” असं म्हणून तिचा पंजा आपल्या पंजात धरून मागे नेला होता, आणि बक्कल अडकल्यावर तिला टाळी दिली होती.

“काही बिघडलं का?” किप दाराशी आला.

“नाही. परत एकदा बसून बघते.”

“खुशाल बस. पुतणी कुणाची आहेस!” त्याचे डोळे भरून आले. “वेंडेल अस्सा धोंडा ठेवायचा. अंड्यावर अंडं ठेवावं तसा.”

ती उतरली. दार लावलं. दार उघडलं. पुन्हा चढून बसली, आणि या वेळी मैत्रिणींकडे बघितलं नाही, मुंडी खाली घालून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. चावी फिरवली. टीं टीं सुरू झालं. हाताने पट्ट्याचं टोक उचललं आणि तो निघाला, बिनबोभाट, कमरेच्या मागे. कोपर सीटला टेकलं तेव्हा तिने त्याला थांबवलं. थांबवायला जोर लागला. बघत असताना, ठरवलेलं असताना, ज्या गोष्टीने काका गेला ती माहीत असताना. तिने पट्टा सोडून दिला आणि यंत्र टीं टीं करत राहिलं.

ती उतरली तेव्हा बाबा समोर आला होता. लंगडत, पण चेहरा मोकळा. तसा चेहरा तिने पाच-सहा महिन्यांत बघितला नव्हता.

“हेच घेऊ,” तो म्हणाला. “एका हाताचं.”

“पार्ट दोन तासांवर मिळतात म्हणालास ना?”

“जाईन दोन तास. रेडिओ ऐकत जाईन.”

“लोक हसतील.”

“हसू देत. तुला त्या हातांच्या खालून चढावं लागू नये.” त्याचा आवाज घसरला आणि त्याने खाकरून सावरला. “आईलाही पटलंय.”

आईने भर अंगणात, किपच्या देखत, बाबाचा हात धरला. लग्नाच्या फोटोतसुद्धा धरलेला नाही. मॅरिटला वाटलं आपण इथल्या इथे जमिनीत गडप व्हावं. आठवडाभर घसा कोरडा करून तिने हेच मिळवायला भांडण केलं होतं, आणि ते मिळालं होतं.

“जुनं मी आयोवाकडच्या लिलावात घालतो,” किप हळू आवाजात म्हणाला. “तिकडे कुणाला काही ठाऊक नाही. तुम्ही गाडीत ऊब घ्या, मी कागद करून आणतो.”

पिकअपमध्ये तिघं एका ओळीत बसली, मॅरिट मध्ये. हीटरची हवा गुडघ्यांवर येत होती. मागे आरशात ट्रेलर दिसत होता आणि दोन पोरं जुन्या यंत्राच्या साखळ्या सोडत होती. बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होता. तो काहीतरी गुणगुणत होता. तेच तिला सोसवेना.

“बाबा, मी पट्टा मागे लावला.”

बोटं थांबली. “कधी?”

“आत्ता. सगळे टाळ्या वाजवत होते ना, तेव्हा तो माझ्या पाठीखाली होता. मला पत्ताही नाही. मग मुद्दाम परत बसले आणि बघत होते तरी हात मागेच गेला.”

आई खिडकीबाहेर बघत होती. आता ती वळली.

“सवय आहे,” बाबा म्हणाला. “लहानपणापासूनची. जाईल.”

“काकाची गेली?”

“मॅरिट,” या वेळी आई म्हणाली.

“मी आज नीट लावला की नाही?” बाबा म्हणाला. “माणसाने मनावर घेतलं तर…”

“आई बघत होती म्हणून लावलास. खोटं सांगतेय का मी?”

काचेवर वाफ धरली होती, ती बाबाने बाहीने पुसली, गरज नव्हती तिथेही पुसली. मग म्हणाला, “वर्षभराची कामं घेतलीत मी. तळ्याच्या उत्तरेची घरं, चर्चचा बांध. तुझ्या शब्दावर घेतलीत. आता तू नाहीस तर कोण? या गावात मिळतंय का कुणी? जो मिळेल तो पट्टा पुढे लावणारा असेल का?”

“नसेल.”

“मग?”

“तिला आजचा दिवस जाऊ दे,” आई म्हणाली. “घरी जाऊन जेवून…”

“नाही, आई. घरी गेलं की मी तुमची तोंडं बघून हो म्हणेन.”

किप दुकानाच्या दारातून बाहेर पडला होता. एका हातात कागद, दुसऱ्यात नवी कोरी टोपी, बहुधा तिच्यासाठी. चिखलातली डबकी चुकवत तो गाडीकडे येत होता. मॅरिटने आधी आईकडे, मग बाबाकडे तोंड केलं.

“माझ्यासाठी म्हणून सही करू नकोस, बाबा. मी लोडरवर बसणार नाही. यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही, एका हाताचं असो नाहीतर दोन हातांचं. ख्रिसमसला बोलले होते ते मी परत घेते. हाताने जेवढे बांध रचता येतील तेवढीच कामं ठेवू, बाकीच्यांना मी स्वतः घरोघर जाऊन नाही म्हणून येईन. तुला चिडायचं असेल तर चिड. मी तुझ्याबरोबर जमिनीवर काम करीन, फावडं घेईन, दगड वाहीन. त्या सीटवर बसणार नाही.”